जर्मनीत लहान मुलांना घेऊन येताय? मग मुलीचं एक वर्ष वाचवायच्या मागे लागू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. थोडक्यात असं की, मिस्टरांना म्युनिकला नोकरी लागलीये, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या काम-परवान्यावर, जाताय, नोव्हेंबरमध्ये पुण्याहून निघायचा विचार आहे, मुलगी पाच वर्षांची आहे नि पुढच्या ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल, मुलगा दोनचा. आणि तुम्ही विचारलंय की आत्तापासूनच घरात मराठी बंद करून इंग्रजी चालू करावं का, मुलीला इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालावं की सरळ जर्मन शाळेत पहिलीत, आणि आधी मिस्टरांनी एकट्याने जावं की सगळ्यांनी एकदमच.

मी म्युनिकजवळच्या एका किटामध्ये शिक्षिका आहे. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. बरीच वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे भारतातून आलेली, सिरियातून आलेली, ब्राझीलमधून आलेली, सगळ्या प्रकारची मुलं पहिल्या दिवशी दारात आईचा हात घट्ट धरून उभी राहिलेली बघितलीयेत. खाली जे लिहितेय ते त्या अनुभवावरून, आणि म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्यापुरतं. जर्मनीत शाळेचे नियम राज्याराज्यात बदलतात, हे आधीच लक्षात ठेवा. बर्लिनला किंवा हॅम्बुर्गला राहणाऱ्या मैत्रिणीने सांगितलेलं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मागे मला एकच काळजी दिसली, ती म्हणजे मुलं मागे पडतील का. म्हणून भाषा आत्ताच बदलायची, शाळा पटकन ठरवायची, सगळं नोव्हेंबरच्या आत बसवायचं. काळजी अगदी खरी आहे, पण मी जेवढी मुलं इथे रुळताना बघितली त्यावरून सांगते, जी कुटुंबं पहिल्या वर्षात सावकाश गेली त्यांची मुलं पुढे सुखात राहिली. घाई ज्यांनी केली त्यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रश्न उभे राहिले.

आधी मुलीच्या शाळेचं सांगते, कारण तिथे तारीख आहे आणि ती बऱ्याच भारतीय पालकांना माहीतच नसते. बव्हेरियात 30 सप्टेंबरपर्यंत ज्या मुलांना सहा वर्षं पूर्ण होतात त्यांना त्या सप्टेंबरपासून शाळा सक्तीची. पण 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात वाढदिवस असेल तर 2019 पासून पालकांना मुभा आहे, मुलाला त्याच वर्षी पाठवायचं की एक वर्ष थांबायचं हे पालक ठरवतात. शाळेत नाव नोंदवायला जावंच लागतं, तिथे शिक्षक सल्लाही देतात, पण निर्णय तुमचा. थांबायचं असेल तर 10 एप्रिलपर्यंत शाळेला लेखी कळवायचं. तुमची मुलगी ऑगस्टची, म्हणजे बरोबर या खिडकीत बसते. माझं मत विचाराल तर, थांबा. तिला पूर्ण एक वर्ष जास्त किटामध्ये घालवू द्या.

मला माहितीये यावर घरून काय ऐकायला मिळेल. "वर्ष वाया गेलं." आजी-आजोबा म्हणतील, मावशी म्हणेल, पुण्यातल्या सोसायटीतली तिच्या वयाची मुलं तेव्हा पहिलीत असतील नि ही अजून बालवाडीत चिखल खेळतेय. पण जरा पुढचा हिशोब बघा. इथली प्राथमिक शाळा, ग्रुंडशुले, फक्त चौथीपर्यंत. आणि बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात एक दाखला हातात पडतो, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय अशा तिन्हींची सरासरी असते. इथे 1 हा सगळ्यात चांगला ग्रेड. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या माध्यमिक शाळेत, जाऊ शकतं, 2.66 पर्यंत असेल तर रेआलशुलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेत. पुढे रस्ते बदलता येतात, दारं कायमची बंद होत नाहीत, पण दहा वर्षांच्या मुलासाठी तो ताण मोठा असतो. आता नोव्हेंबरमध्ये शून्य जर्मन घेऊन आलेली मुलगी दहा महिन्यांत पहिलीत बसली तर तिला अक्षरं, वाचन आणि भाषा तिन्ही एकदम शिकायचं, आणि मग तीन-साडेतीन वर्षांत ती सरासरी गाठायची. त्यापेक्षा ते दहा महिने बावीस महिने केले तर? किटामध्ये भाषा खेळता खेळता येते, कोणी मार्क देत नाही, चुकलं तर कोणी हसत नाही. शिवाय ज्या मुलांचं जर्मन कमी पडतं त्यांच्यासाठी शाळेआधी फोरकुर्स डॉइच नावाचा वर्ग असतो, एकूण 240 तासांचा, काही तास किटातली शिक्षिका घेते आणि काही शाळेतली. एक वर्ष थांबलात तर तुमच्या मुलीला त्याचा पूर्ण फायदा मिळेल. म्हणून मी म्हणते वर्ष वाया जात नाही, त्याच वर्षात जर्मनचा पाया पक्का होतो.

अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही दोन-तीन वर्षांसाठीच येताय आणि मग नक्की भारतात परत, किंवा तिथून अजून कुठे दुसऱ्या देशात, आणि कंपनी फी भरतेय, तर इंटरनॅशनल स्कूल समजण्यासारखं आहे. फी वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास किंवा त्याच्या पुढेही जाते, तेवढी स्वतःच्या पगारातून भरायची असेल तर मी नाही सुचवणार. पैशापेक्षाही एक दुसरं कारण आहे. त्या शाळा शहरभर विखुरलेल्या मुलांच्या असतात, शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं तिथे नसतात, आणि मग संध्याकाळी खाली खेळायच्या मैदानावर तुमच्या मुलीला कोणी नावाने हाक मारत नाही. पाच वर्षांच्या मुलीला मैत्रीण पायी जाण्याच्या अंतरावर लागते. मुक्काम पाच वर्षांच्या पुढे जाण्याची शक्यता जरी असेल तरी जर्मन किटा आणि मग घराजवळची ग्रुंडशुले. घरी शिकवून भागवण्याचा पर्याय तर इथे नाहीच, शाळेत जाणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता भाषेचं. कृपा करून घरातली मराठी बंद करू नका. हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते आणि आमच्या बव्हेरियन सहकारीसुद्धा हेच सांगतात. मूल आत्ता रडतं मराठीत, भांडतं मराठीत, "मला नाही आवडलं" हे मराठीत सांगतं, आणि नेमक्या ज्या महिन्यांत त्याच्या आजूबाजूचं सगळं बदलणार आहे त्याच महिन्यांत घरातलीही भाषा बदलली तर त्याने आपलं म्हणणं मांडायचं कुठे? शिवाय आपण जे इंग्रजी किंवा मोडकंतोडकं जर्मन घरात बोलतो ते सूचनांचं असतं, शूज घाल, लवकर कर, हात धू. गोष्टी, लाड, थट्टा, समजूत घालणं हे सगळं आपण मराठीतच करतो. ज्या मुलाची घरची भाषा भरभक्कम आहे ते दुसरी भाषा पटकन उचलतं, कारण "कालच्या कालचा काल" म्हणजे काय, "जर-तर" म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात आधीच तयार असतं, त्याला फक्त नवे शब्द लागतात. आम्ही मुलांच्या भाषेची नोंद ठेवायला सिस्मिक नावाचा एक निरीक्षण तक्ता वापरतो, त्यातसुद्धा घरच्या भाषेबद्दल प्रश्न आहेत. ती बघायचीच गोष्ट आहे असं इथली व्यवस्थाही मानते.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरून जाणार नाही. तुमची मुलगी कदाचित पहिले काही आठवडे, कधीकधी काही महिने, किटामध्ये एक शब्द बोलणार नाही. बघेल, ऐकेल, मान हलवेल, बोट दाखवेल. याला आम्ही मुका काळ म्हणतो आणि तो अगदी नेहमीचा आहे. पालक घाबरून विचारतात की काही प्रॉब्लेम आहे का, डॉक्टरला दाखवू का, आणि त्याच संध्याकाळी घरी ती व्हिडिओ कॉलवर आजीला सकाळच्या वर्तुळातलं जर्मन गाणं हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवत असते. घरी मराठीत नेहमीसारखी बडबड चालू असेल, खेळत असेल, जेवत असेल, तर वाट बघा. घरीसुद्धा बोलणं कमी झालं, किंवा खूप महिने उलटले तरी शाळेत तोंड उघडत नाही, तर मात्र शिक्षिकेशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

किटाची सुरुवात कशी होते तेही माहीत असू दे, कारण तुमच्या नोकरीचं नियोजन त्यावर अवलंबून आहे. पहिल्या दिवशी मूल सोडलं नि निघालं असं इथे नसतं. आइनगेव्योनुंग म्हणून एक सवय लावण्याचा काळ असतो. बर्लिन मॉडेलमध्ये पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर येऊन नुसते खोलीत बसतात, चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन बघतात, मूल शिक्षिकेकडून शांत होतंय का त्यावर पुढचं ठरतं. म्युनिक मॉडेल यापेक्षा सावकाश असतं. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या मुलाला तीन-चार आठवडे धरून चाला, मध्ये सर्दीताप आला तर जास्त. म्हणजे या काळात दोघांपैकी एकाला ऑफिस नको. आणि ते आईनेच करायचं असंही नाही हं, आमच्याकडे कितीतरी बाबा बसतात. मिस्टर इथे नोकरीला असल्यामुळे त्यांना एल्टर्नत्साइट म्हणजे पालकत्वाची रजा मागायचा हक्क आहे, मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर सात आठवडे आधी लेखी अर्ज करायचा. रजेत कंपनी पगार देत नाही, त्यामुळे हिशोब करून ठरवा.

एका मुलाचं सांगते. साडेतीन वर्षांचा, हिवाळ्यात आलेला. पहिले कितीतरी दिवस त्याने जॅकेटच काढलं नाही. खोलीत हीटर चालू, बाकीची मुलं टी-शर्टवर, आणि हा गळ्यापर्यंत चेन लावून खिडकीशी उभा. आईला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की ती जबरदस्तीने काढायला जायची, मग रडारड. आम्ही तिला म्हटलं राहू दे. त्याच्या मनात जॅकेट अंगावर आहे म्हणजे आपण अजून घरी जाऊ शकतो, एवढं साधं होतं ते. मग आमच्यातल्या एकीने काय केलं, स्वतःचं जॅकेट घातलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून ठोकळ्यांची गाडी लावायला लागली, काही न बोलता. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग एक दिवस त्याची चेन अर्धी खाली आली. मग पूर्ण. आणि एका सकाळी तो आल्या आल्या त्याच्या खुंटीपाशी गेला, तिच्यावर साळूचं चित्र होतं कारण या वयात नाव वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाला एक चित्र असतं, जॅकेट काढलं, टाचा उंच करून स्वतः अडकवलं आणि आत गेला. त्या दिवशी आईकडे वळूनही बघितलं नाही. त्याआधी कोणी ओढून काढलं असतं तर अजून महिना गेला असता, असं मला वाटतं.

यातून तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, मुलाचा डोळा चुकवून निघून जाऊ नका. आपल्याकडे ही सवय फार आहे, खेळण्यात गुंतवलं की हळूच सटकायचं. इथे आम्ही ते करूच देत नाही, कारण मग मूल सगळा दिवस दाराकडे बघत बसतं. सांगून, पापी घेऊन, हात हलवून जायचं, रडलं तरी. दोन, एका कागदावर मुलाचे रोजचे शब्द रोमन लिपीत लिहून शिक्षिकेला द्या. शू, पाणी, झोप, दुखतंय, आई येणार. "आई येणार" हे दोन शब्द एखाद्या बव्हेरियन बाईने वेड्यावाकड्या उच्चारात म्हटले तरी दोन वर्षांचं पोर चमकून बघतं आणि थोडं शांत होतं.

निघायच्या आधी घरी करून ठेवण्यासारखं म्हणजे, धाकट्याला स्वतःच्या हाताने, चमच्याने जेवायची सवय. सांडू दे. इथे शिक्षिका मुलांच्या मागे घास घेऊन फिरत नाहीत, मुलं टेबलाशी बसून आपलं आपण खातात, नाही खाल्लं तर नाही. भरवून घ्यायची सवय असलेली आपली मुलं पहिले आठवडे उपाशी घरी येतात आणि आईचा जीव तुटतो. डायपर सुटलेला नसेल तर त्याचं टेन्शन मुळीच घेऊ नका. शाकाहारी असाल तर पहिल्याच भेटीत लेखी द्या, आणि जिलेटिनची गमी बेअर चालतात का तेही लिहा, कारण वाढदिवसाला हटकून वाटतात. थंडीचे कपडे पुण्यातून आणू नका. इथे मुलं पावसात, बर्फात रोज बाहेर जातात, त्यासाठी रबरी चिखलपँट आणि आतून उबदार वॉटरप्रूफ बूट लागतात, ते इथेच सेकंडहँड चांगले मिळतात आणि तसेही वर्षात लहान होतात.

नोव्हेंबरचं मला खरंच पटत नाही. मिस्टरांना जाऊ दे आधी, त्यांची तारीख बदलणार नसेल. पण तुम्ही आणि मुलं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला या. एक कारण घर. म्युनिकमध्ये भाड्याचं घर मिळणं हेच सगळ्यात अवघड काम आहे आणि घराच्या पत्त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तात्पुरतं फर्निश्ड घर घेत असाल तर हा कागद देणार का हे आगाऊ पैसे भरायच्या आधी विचारा. नोंदणी झाली की मग मुलांचा आरोग्य विमा, टॅक्स नंबर, किंडरगेल्ड म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, किटाची जागा. किंडरगेल्ड 2025 मध्ये प्रत्येक मुलामागे महिना 255 युरो होतं, अर्ज उशिरा केला तर मागचे सहाच महिने मिळतात, म्हणून आल्याबरोबर करा. दुसरं कारण म्हणजे अंधार. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नवीन घर, ओळखीचं कोणी नाही, किटाची जागा अजून मिळालेली नाही, बाबा ऑफिसात, आणि दोन मुलांना घेऊन आई चार भिंतीत. ते महिने मी बऱ्याच बायकांना फार जड गेलेले बघितलेत, अगदी खंबीर बायकांना. मार्चमध्ये आलात तर निदान खेळायच्या मैदानावर माणसं दिसतात.

मात्र तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त वेगळं राहू नका, दोन वर्षांच्या मुलासाठी ते फार लांब होतं. आणि मार्चमध्ये येणार असाल तर मुलीच्या शाळेचं 10 एप्रिलचं पत्र विसरू नका, आल्या आल्या पहिलं काम ते.

किटाच्या जागेबद्दल खोटी आशा दाखवत नाही. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून कायद्याने आहे, पण म्युनिकमध्ये शिक्षकच कमी आहेत आणि बहुतेक जागा सप्टेंबरला भरतात. शहराच्या किटा-फाइंडर पोर्टलवर नोंदवा आणि शिवाय जवळच्या किटांमध्ये स्वतः जाऊन भेटा, फोनपेक्षा चेहरा लक्षात राहतो. मुलगी शाळेच्या उंबरठ्यावर असल्यामुळे तिला मधल्या काळात जागा मिळायची शक्यता धाकट्यापेक्षा जास्त. धाकट्यासाठी टागेसमुटर, म्हणजे घरी चार-पाच मुलं सांभाळणारी परवानाधारक बाई, हा चांगला पर्याय आहे. तोवर आई-मुलांचे ग्रुप असतात, प्रत्येक वस्तीत कुटुंब केंद्र असतं, तिथे जा. जर्मन येत नसलं तरी जा.

तुमच्या स्वतःच्या नोकरीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, व्हिसासाठी जर्मन परीक्षाही लागत नाही. तरी मुलांचं बसेपर्यंत फुल टाइम घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात मुलं सारखी आजारी पडतात, सगळ्यांचीच पडतात, ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय बहुतेक किटा घेत नाहीत. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2024 पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलासाठी वर्षाला 15 दिवस आजारपणाचे मिळतात, ते दोघांनी वाटून घ्या. त्या काळात फोल्क्सहोखशुलेचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्राचा, जर्मन वर्ग मात्र जरूर लावा. मुलांच्या आईला स्वतःचं म्हणून आठवड्यातून दोनदा कुठेतरी जायचं ठिकाण असलं की घराचा सूरच बदलतो.

राहिली कागदपत्रं, ही हँडबॅगेत ठेवा, सामानात नको. लसीकरणाचं कार्ड मूळ, आणि त्यात गोवरचे दोन्ही डोस तारीख आणि डॉक्टरच्या शिक्क्यासह वाचता येतील असे. मार्च 2020 पासून गोवरची लस दाखवल्याशिवाय किटामध्ये प्रवेशच मिळत नाही, दोन वर्षांच्या पुढच्या मुलाचे दोन डोस लागतात. दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून डॉक्टर विचारतील, इथे ती लस आता देत नाहीत, तेव्हा कार्डावर तीही नोंद असू दे. इथे मुलांच्या ठराविक वयाला तपासण्या असतात आणि बव्हेरियात त्या बंधनकारक आहेत, त्यांच्या नोंदींची एक पिवळी वही मिळते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञ लगेच शोधा, बरेच दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत, दहा ठिकाणी विचारायची तयारी ठेवा. आणि मुलांचे पासपोर्ट एकदा उघडून बघा. आपल्याकडे नावाच्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, इथे ते दोन्ही मिळून तिचंच नाव धरतात, आणि मग किटाच्या यादीत, खुंटीवर, वाढदिवसाच्या फलकावर ती बाबांच्या नावासकट येते. पहिल्या फॉर्मवरच हाक मारायचं नाव वेगळं लिहा आणि शिक्षिकेला म्हणून दाखवा.

मुलीचा वाढदिवस ऑगस्टच्या कुठल्या तारखेला आहे आणि घर शहरात बघताय की बाहेरच्या गावात, एवढं कळवा. बाहेरच्या गावांमध्ये किटाचा अर्ज थेट त्या गावच्या पालिकेत करायचा असतो, त्याचं वेगळं सांगते.